हरकी लावा, हक्क राखा



या वेळी दाव्यांवर न लिहिता एका झुडपावर लिहितो आहोत. कुणी म्हणेल, यांना झालंय तरी काय? प्लॉटचे दावे अडलेत, अपिलं पडून आहेत, आणि हे झाडपाल्यावर लिहीत बसलेत. मागच्या बैठकीत एका काकांनी आम्हाला तसं तोंडावर सुनावलंच. म्हणाले, "झाडं लावायचं काम जंगलखात्याचं. आपलं काम जमिनीचं. पोरांनो, वाट चुकू नका."

काकांनी संघटनेसाठी लाठ्या खाल्ल्यात, जेल पाहिलंय. त्यांचा मान आहेच. पण उत्तर द्यायला पाहिजे. आमचं म्हणणं असं की हे झुडूप लावणं हे जमिनीचंच काम आहे. शेवटपर्यंत वाचा. नाय पटलं तर पुढच्या बैठकीत भांडा.

झुडपाचं नाव हरकी. काही भागात अडकई म्हणतात. पुस्तकात आणि सरकारी कागदात सर्पगंधा.

दिवसभरात तीन झाडं

सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नकाशा करायला आम्ही पाड्यावरची पंधरा-सोळा जणं डोंगरात फिरत होतो. हद्दी बघायच्या, पाणवठे, देवाची जागा, गुरचरण, कंदमुळांची जागा लिहून घ्यायची. सोबत एक डोकरी होती. पाय दुखत होते तरी आली. एका ओहळाच्या वरच्या अंगाला थांबून ती म्हणाली, "इथं हरकी असायची. पाय ठेवाल तिथं हरकी. बघा, सापडते का."

आम्ही शोधायला लागलो आणि लक्षात आलं की आमच्यातल्या निम्म्यांना हरकी ओळखताच येत नाय. आम्ही बारावी शिकलो. पुस्तकातली सर्पगंधा परीक्षेला लिहिली असती, पण पायाखालची हरकी कळली नाय. डोकरीनंच दाखवली. संध्याकाळपर्यंत सापडली तीन झाडं. एवढ्या मोठ्या डोंगरात तीन. डोकरी काही बोलली नाय, पण परत येताना सगळा रस्ता ती गप्प होती.

म्हणून आधी ओळख करून घ्या. हरकी लहान झुडूप आहे, गुडघ्याएवढं, फार तर मांडीएवढं. पानं एका पेराला तीन-तीन, गोल फिरून येतात. वरून चकचकीत हिरवी, खालून फिकी. लांबीला साधारण बोटाएवढी किंवा त्याहून मोठी, दोन्ही टोकांना निमुळती. फुलं पांढरी, थोडी गुलाबी झाक, झुपक्यानं येतात, आणि फुलांचे देठ लालभडक. लाल देठावर पांढरं फूल, ही खूण विसरू नका. फळ वाटाण्याएवढं, आधी हिरवं, पिकलं की जांभळट काळं. मूळ खाली सरळ जातं, हातभर किंवा जास्तही. चव कडू जहर.

एक घोटाळा टाळा. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत तिची एक मोठी बहीण उगवते. ती परदेशातून आलेली आहे. तिची पानं बहुतेक चार-चार येतात आणि चारही एका मापाची नसतात. काही लोक तिची मुळं हरकी म्हणून विकतात. तिचं बी आणून लावाल तर तीन वर्षं फुकट जातील.

ज्ञान कुणाचं, फायदा कुणाचा

झोप लागत नाय, डोकं भडकतं, माणूस वेड्यागत करतो, अशा वेळी भगत आणि वैदू पिढ्यान्‌पिढ्या हे मूळ देत आलेत. नुसते आपल्याकडचे नाय, देशभरचे. बिहारकडच्या बाजारात तर याला 'पागल की दवा' असंच नाव होतं.

१९३१ साली दिल्लीत सिद्दिकी नावाच्या शास्त्रज्ञांनी या मुळातली द्रव्यं वेगळी काढली. १९४९ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर हे मूळ कसं काम करतं ते इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात लिहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातलं रेसर्पिन नावाचं मुख्य द्रव्य हाती लागलं. त्यानंतर जगभरचे कारखाने या मुळाच्या मागे लागले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या बनल्या, वेड्यांच्या दवाखान्यात वापरल्या गेल्या. लाखो माणसांना उपयोग झाला. त्याचा आम्हाला आनंदच आहे. औषध कुणाच्या बापाचं नसतं.

पण मूळ गेलं आपल्या रानातनं. ओळखलं आपल्या म्हाताऱ्यांनी. कागदावर नाव लागलं दुसऱ्यांचं, पैसा गेला तिसऱ्याकडे, आणि आपल्या वाट्याला उकरलेले खड्डे आले. शेवटी झाड इतकं कमी झालं की १९९० साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत टाकावं लागलं.

खणलं कुणी? आपणच

आता कडू बोलतो. व्यापारी डोंगरात चढला नाय. तो खाली बाजारात पिशवी घेऊन बसला. डोंगर चढली आपली माणसं. आमच्या पाड्यावर आम्ही लहान असताना हेच झालं. व्यापाऱ्यानं ओलं मूळ किलोवर घेतलं, सांगेल तो भाव, सांगेल ते वजन. दिवसभर उकरून दिवसाची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. तरी लोक गेले, कारण पावसाळ्यात घरात दाणा नव्हता. आमच्यातल्या काहींच्या घरातलेही गेले. हे लपवून लेख लिहिला तर तो खोटा होईल.

एकदा एका गार्डानं दोघा पोरांना पिशवीसकट धरलं. पोरांना मार पडला, पैसे गेले, कोंबडी गेली. व्यापाऱ्याला कुणी विचारलं नाय. त्यानंतर लोकांनी खणणं बंद केलं का? नाय. उलट घाई केली. अंधारात जायचं, दिसेल ते उपटायचं, बोटाएवढं पोरकं झाडही सोडायचं नाय, खड्डा न बुजवता पळायचं. धीरानं खणायला वेळच नव्हता. फळ पिकू द्यायलाही नव्हता. आज आपण सोडली तर उद्या दुसरा उपटेल, मग आपणच का सोडायची? हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात.

कारवीचं बघा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तरी कारवी संपली नाय. आपण घराच्या कुडासाठी तिच्या काठ्या तोडतो, मूळ जमिनीत राहतं. हरकी दरवर्षी फुलते, दरवर्षी फळते, तरी ती संपत आली. कारण तिचं मूळच विकलं जातं. मूळ नेलं म्हणजे झाड गेलं. आणि फळ पिकायच्या आधी नेलं म्हणजे त्याची पोरंही गेली.

यातनं आम्ही जे शिकलो ते एवढंच. ज्या रानात माणसाला चोर ठरवलं जातं, तिथं माणूस चोरासारखाच वागायला लागतो. जंगलखातं म्हणतं, आदिवासीनं जंगल खाल्लं म्हणून कुंपण पाहिजे. आम्ही म्हणतो, कुंपण घातलं, मालकी काढली, म्हणून रान राखायची सवय मोडली. हरकीचं मूळ विकण्याजोगं व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. तीन वर्षांचं पीक कोण लावेल? ज्याला तीन वर्षांनी आपण इथंच असू याची खात्री आहे, तोच. ज्याच्या प्लॉटवर कधीही पोकलेन येईल, तो नागली पेरतो, कारण ती चार महिन्यांत घरात येते.

म्हणून काका, झुडूप आणि जमीन वेगळी नाय.

कायदा आपल्या बाजूला आहे, वापरा

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणजे काय ते लिहिलंय. त्यात बांबू, मध, तेंदूपानं यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळं आणि कंद यांचं नाव स्पष्ट आहे. कलम ३(१)(ग) प्रमाणे परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर मालकी, ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आपला. कलम ३(१)(झ) प्रमाणे सामूहिक वनसंपत्ती राखायचा, वाढवायचा आणि तिचा कारभार करायचा हक्क आपला. पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्कही त्याच कलमात पुढे आहे. आणि कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं आणि जबाबदारीही टाकते: रान, प्राणी, जैवविविधता राखायची.

नियम १३ बघा. सामूहिक हक्काचे पुरावे म्हणून जे चालतं त्यात कंदमुळं, चारा, रानफळं आणि इतर गौण वनोपज गोळा करायच्या जागा आहेत. जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा आहे. म्हणजे डोकरीनं दाखवलेली ओहळावरची जागा ही दाव्यातला पुरावा आहे. तिचा जबाब लिहून घ्या, अंगठा घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर घ्या.

पण एक सावधगिरी. दाव्याच्या नकाशावर 'कंदमुळं व औषधी मुळ्यांची जागा' एवढंच लिहा. हरकीची तीन झाडं नेमकी कुठल्या दगडाआड आहेत ते लिहू नका. फाइल दहा टेबलांवरून फिरते आणि दहावं टेबल कुणाच्या ओळखीचं ते आपल्याला माहीत नसतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकायचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. तिथं जंगल संपलं नाय, राखलं गेलं. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना द्यायचं काम ग्रामसभेच्याच समितीकडे दिलंय. हे वाचून ठेवा. नाक्यावर अडवलं तर कामाला येतं.

कशी लावायची

आता मुख्य काम. पुढचं नीट वाचा, ज्याला वाचता येत नाय त्याला वाचून दाखवा.

बी. हरकीची फळं एकदम पिकत नाहीत. पावसाळ्याच्या मध्यापासून पुढे थोडी थोडी पिकत जातात. त्यामुळे आठवड्यातनं एक-दोन फेऱ्या मारायच्या. जांभळी काळी झालेलीच तोडा, हिरवी नको. पाखरंही टपलेली असतात. रानातल्या झाडाची सगळी फळं आणायची नाहीत, निम्मी तिथंच राहू द्या. घरी आणून पाण्यात चोळा, गर काढा, बी धुवा आणि सावलीत सुकवा. उन्हात नको. कापडाच्या पुरचुंडीत कोरड्या जागी ठेवा. त्याच हंगामाचं बी पुढच्या पेरणीला वापरा. जुनं झालेलं बी फार कमी उगवतं.

निवड. पेरायच्या आधी बी पाण्यात टाका. तरंगेल ते फेकून द्या, बुडेल ते ठेवा. एक दिवस-रात्र भिजवा. बुडालेल्यातलंही सगळं उगवत नाय. दहा पेरले तर चार-पाच उगवले म्हणजे चांगलं समजा. म्हणून शंभर रोपं पाहिजेत तर दोन-अडीचशे बिया पेरा. "बी खोटं निघालं" म्हणून नाराज होऊ नका, हिची जातच तशी आहे.

वाफा. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी. जागा सावलीची, पण अगदी काळोखाची नाय. आपण नागली-भाताला राब भाजतो तसं इथं भाजायचं नाय. हिला कुजलेला पाला आवडतो. झाडाखालची काळी पानमाती आणि जुनं शेणखत मातीत मिसळा. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, म्हणजे पाणी तुंबणार नाय. चार-चार बोटांवर रेघा ओढा. बी अर्ध्या पेराएवढंच खोल टाका आणि वर बारीक माती पसरा. पाणी शिंपडून द्या, ओतू नका. वर पळसाच्या पानांची नायतर गवताची हलकी सावली करा.

धीर. पंधरा-वीस दिवसांनी पहिले कोंब दिसतात, काही महिन्यानंतरही येतात. म्हणून पंधराव्या दिवशी वाफा उकरून बघायचं नाय. पोरांना आधीच सांगून ठेवा.

आवणी. कोंब येऊन चाळीस-पन्नास दिवस झाले, रोपाला चार-सहा पानं आली की लावायला काढा. भाताची आवणी उरकल्यावर हे काम येतं, म्हणजे माणसं मोकळी असतात. रोप मातीच्या गोळ्यासकट उचला. मुळी मोडली तर पुढे मूळ वाकडं होतं. दोन रांगांत हातभर, दोन रोपांत दीड वीत अंतर ठेवा.

जागा. भाताच्या खाचरात लावू नका. पाणी साचलं की मूळ कुजतं. उताराची वरकस जागा, प्लॉटचा बांध, आंब्याखाली, फणसाखाली, हिरड्याच्या विरळ सावलीत लावा. माती भुसभुशीत पाहिजे, कडक मुरमात मूळ खाली उतरत नाय. पहिल्या पावसाळ्यात दोन-तीनदा गवत काढा. उन्हाळ्यात पाणी देता आलं तर बरं. नाय देता आलं तर बुडाशी पाला घाला. गुरांच्या पायाखाली येणार नाय असं काट्यांचं कुंपण करा.

बी नसेल तर. मुळाचे तुकडेही लागतात. पेन्सिलीएवढं जाड बाजूचं मूळ घ्या, इंच-दोन इंचाचे तुकडे करा. उन्हाळा लागताना वाफ्यात आडवे ठेवा, वर थोडी माती टाका आणि ओल धरा. महिन्याभरानं फुटतात, साधारण निम्मे जगतात. फांदीही लागते. तीन पेरं असलेली वीतभर फांदी जूनमध्ये सावलीत रोवायची. पण फांदीच्या झाडाचं मूळ बारीक राहतं. चांगलं सोटमूळ पाहिजे तर बीच लावा.

काढणी. अडीच-तीन वर्षं झाल्याशिवाय हात लावू नका. थंडीत पानं झडतात तेव्हा काढा. उपटू नका. बाजूनं खणत खाली जा, मूळ अख्खं बाहेर काढा. धुवा, पण घासू नका. मुळाच्या सालीतच बहुतेक सगळं औषध असतं, साल गेली की माल गेला. वीतभर तुकडे करून वाऱ्यावर सावलीत खडखडीत सुकवा. ओला माल विकायचा म्हणजे व्यापाऱ्याला वजनाची आणि भावाची दोन्ही सूट द्यायची.

मुंडकं परत लावा. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. झाड खणलं की मुळाचा वरचा दोन इंच भाग खोडाच्या बुडख्यासकट कापून ठेवा. ते मुंडकं परत जमिनीत लावलं की बहुतेक वेळा फुटतंच. बियांपेक्षा याचा भरवसा कितीतरी जास्त. थंडीत काढलेली मुंडकी न्हाणीच्या पाण्याजवळ सावलीत ओल्या मातीत लावून ठेवा आणि पावसाला जागेवर न्या. आपल्या आधीच्या लोकांनी डोंगरात खणताना दर वेळी एवढं दोन इंच मागे ठेवलं असतं, तर डोकरीला रस्ताभर गप्प चालावं लागलं नसतं.

ग्रामसभेनं काय ठरवावं

एकट्यानं लावून भागणार नाय. एकानं लावायची, दुसऱ्यानं रात्री उपटायची, असं होईल. आमच्या ग्रामसभेपुढे आम्ही हे मुद्दे ठेवलेत. तुमच्याकडे चर्चेला घ्या, पटतील तसे बदला.

पाच वर्षं रानातली हरकी कुणीही खणणार नाय. फक्त बी घ्यायचं, तेही निम्मं.

पहिला वाफा पाड्याचा. बाया, पोरं, म्हातारी माणसं मिळून. रोपं निम्मी घरटी वाटायची, निम्मी परत ओहळावर लावायची. रानातली रोपं विकायची नाहीत, ती रानाची.

कुणी किती लावली त्याची नोंद ग्रामसभेच्या वहीत तारखेसह ठेवायची. उद्या गार्ड म्हणाला "ही रानातनं चोरली", तर वही दाखवता येते. रान अजून कागदावर आपलं झालेलं नसलं तरी वही आजपासून सुरू करता येते.

विक्री एकेकट्यानं नाय, ग्रामसभेमार्फत, सुकवून, आपल्या काट्यावर.

उपटताना सापडला तर दंड गार्ड घेणार नाय, ग्रामसभा घेईल. आणि पैशात घेऊ नये असं आमचं मत आहे. त्यानं पन्नास रोपं जगवून द्यावीत.

रोपांची अडचण आहे हे खरं. ज्यांच्या रानात एकही झाड उरलं नाय त्यांनी शेजारच्या पाड्याकडे बी मागावं. कृषी विद्यापीठांच्या औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकांतही चौकशी करता येईल. पण घेताना तीन पानांची खूण बघूनच घ्या.

हेही आम्ही खोटं सांगणार नाय की हरकी लावली की पैसाच पैसा. भाव वर-खाली होतो, खरेदीदार पक्का असल्याशिवाय अख्ख्या प्लॉटवर लावू नका. नागली, वरी, उडीद आधी. हरकी बांधावर आणि झाडाखाली. पोट भरेल एवढं धान्य हाती असेल तरच माणूस तीन वर्षं थांबू शकतो.

साप चावला तर

नावात सर्प आहे म्हणून पुष्कळ जण अजून समजतात की साप चावल्यावर हे मूळ उगाळून दिलं की विष उतरतं. साथींनो, उतरत नाय. सापाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शनच लागतं आणि ते दवाखान्यात मिळतं. मूळ उगाळण्यात गेलेला अर्धा तास माणसाचा जीव घेतो. भगतांना आमची हात जोडून विनंती आहे. तुमचा मान मोठा आहे, लोक तुमचं ऐकतात. तुम्हीच सांगा, आधी दवाखाना.

रक्तदाबाच्या औषधाचंही तसंच. या मुळानं दाब एकदम खाली येऊ शकतो, माणूस सुस्त होतो, मनानं खचतो. पोटुशी बाईला तर देऊच नये. आपण लावू, राखू, विकू. पण मनानं खायचं नाय.

काकांना शेवटचं

काका, तुम्ही म्हणालात, आपलं काम जमिनीचं. बरोबर आहे. पण जमिनीचा कागद मिळाला आणि तोवर रान रिकामं झालं, तर त्या कागदाचं करायचं काय? आज ते आपल्याला विचारतात, "जंगल तुम्हाला दिलं तर राखाल कशावरून?" आजवर आपण म्हणत आलो, आमचे वाडवडील राखत होते. ते खरं आहे. पण उत्तर आजचं पाहिजे. पुढच्या वेळी कुणी साहेब मोजणीला आला तर त्याला ओहळावर नेऊ, लाल देठावरची पांढरी फुलं दाखवू आणि म्हणू, ही आम्ही लावली. तुमचं कुंपण असताना तीन उरली होती.

दावा सोडायचा नाय. मोर्चा सोडायचा नाय. मोर्च्याला जाताना वाफ्याला पाणी कोण घालणार तेवढं ठरवून जायचं.

या पावसाळ्यात ज्यांच्या रानात हरकी फळेल त्यांनी पिकलेलं बी सुकवून दिवाळीनंतरच्या बैठकीला आणावं. ज्यांच्याकडे नाय त्यांनी रिकामी पुरचुंडी आणावी. डोकरीला आम्ही बोलावलंय. ती येते म्हणालीय.

जिंदाबाद!